न जुळलेली उत्तरं

३ जानेवारी

अहो,

मी फोन उचलत नाही अशी तुम्ही लेकीकडे केलेली तक्रार पोचली. बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं, म्हणून हे पत्र. लेक म्हणते, "आई, लिहून दे, मी फोटो काढून एका मिनिटात बाबांना पाठवते." मी म्हटलं, काही नको, पोस्टानेच जाऊ दे. उशिरा पोचलं तर काय बिघडतं? तुम्हाला उशिराची सवय आहे.

तुमचे कागद मिळाले. ते जाडजूड पाकीट बघून पोस्टमनला वाटलं घटस्फोटाची नोटीस आली. दारातून हलेचना. मी म्हटलं, अहो नाही, उलटंच आहे, इतक्या वर्षांनी नवरा बोलावतोय. तर म्हणतो कसा, "मग बाई, बसून सही करा, उभ्या उभ्या नको."

सही अजून केलेली नाही. आधी माझं ऐकून घ्या.

तुम्ही सुचवलेल्या वकीलबाईंकडे लेकीला घेऊन जाऊन आले. बाई वयाने आपल्या लेकीएवढीच, पण बोलते अशी की शाळेत बाकावर बसवल्यासारखं वाटतं. म्हणाली, दुसऱ्या देशात कायद्याने राहायला जायच्या वाटा ठरलेल्या असतात. कुणी कामाच्या वाटेने जातं, कुणी शिक्षणाच्या, कुणी जीव वाचवून पळालेलं असतं आणि आसरा मागतं. आणि एक वाट नात्याची. "तुमचे मिस्टर कामाच्या वाटेने गेले. तात्पुरता परवाना होता, मधेच कंपनी बुडाली, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता ते तिथले कायमचे रहिवासी झालेत, म्हणून तुम्हाला नात्याच्या वाटेने नेऊ शकतात."

मी विचारलं, "आणि नातंच तुटायला आलं असेल तर?"

तिने पेन खाली ठेवलं. लेकीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

लेकीचं नाव मात्र गळलं, हे तुम्हाला कळलं असेलच. पहिल्यांदा अर्ज केलात तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. रांगेत उभी राहता राहता ती मोठी झाली, आणि मोठी मुलं आईबापांच्या फाइलीत बसत नाहीत. "काही हरकत नाही," ती हसत म्हणाली, "मला वाटलं तर मी माझ्या कामाच्या वाटेने येईन, नाहीतर इथे मजेत आहेच की." हसली खरी, पण घरी येईपर्यंत अवाक्षर बोलली नाही. तुमच्यावर गेलीय, दुसरं काय.

आता तुम्हाला वाटत असेल, ही मूळ मुद्द्यावर कधी येणार. येते.

आई गेल्या तेव्हा तुम्ही आला नाहीत. वकीलबाईने मला समजावलं की तुमचा अर्ज विचाराधीन होता, त्या काळात देश सोडला असता तर अर्ज आपोआप रद्द झाला असता आणि सगळी वर्षं पाण्यात गेली असती. हे तुम्हीही त्या वेळी फोनवर सांगितलं होतंत. कायदा मला तेव्हाही कळला होता आणि आताही कळतो. पण राग कायद्याने जात नाही हो. दाराजवळच्या त्या स्टुलावर बसून जिन्यावर पाऊल वाजलं की त्या विचारायच्या, "आला का?" तुम्ही लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून परत यायचात तेव्हापासूनची त्यांची ती सवय. तुम्ही परदेशी गेलात तरी सुटली नाही. अगदी शेवटच्या आठवड्यातही विचारत होत्या. मी काय सांगायचं होतं त्यांना? नियम वाचून दाखवायचा होता?

वकीलबाईने स्पष्ट सांगितलंय, या वेळी मी मागे फिरले किंवा त्यांनी नाकारलं, तर फाइल बंद. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. आपल्या वयात ती रांग संपेल याची खात्री ती देत नाही.

म्हणून सही करतेय. सगळं गोड झालं असं समजू नका. मला तुमच्याशी समोरासमोर भांडायचंय, आणि त्यालासुद्धा व्हिसा लागतो म्हणे.

कागदावरची,
तुमची बायको


१९ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, तार म्हणा. "सही केलीस, बरं वाटलं. इथे थंडी फार आहे. जपून राहा." एवढ्यासाठी परदेशी तिकीट चिकटवलंत? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी तासभर गप्पा मारणारा माणूस कागद समोर आला की एकदम मुका होतो, कमाल आहे.

आता इथली हकीकत ऐका. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून वकीलबाईला फोटो हवेत. मी कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला, सगळे फोटो पलंगावर पसरले आणि डोक्याला हात लावला. सगळ्या फोटोंत मी! मी खिडकीत, मी बाळाला घेऊन, मी आणि आई भांडून तोंडं फुगवून बसलेल्या, मी नवीन छत्री उघडून. तुम्ही कुठेच नाही. वकीलबाई म्हणाली, "यात मिस्टर कुठे आहेत?" मी म्हटलं, "कॅमेऱ्यामागे." ती म्हणाली, "ते दिसायला हवेत." मग मी तो बागेतला फोटो काढून दिला, ज्यात कोपऱ्यात तुमचं जाडजूड बोट आलंय. "हे बघा," म्हटलं, "हे माझ्या नवऱ्याचं बोट. नखावर ग्रीस आहे, नीट बघा." ती इतकी हसली की चहा सांडला. पण बोट पुरावा म्हणून चालत नाही. शेवटी तुमच्या मावसभावाच्या लग्नातला एक सापडला. तुमचे डोळे मिटलेत, पण आहात.

फोटो बघता बघता संध्याकाळ झाली. दिवा लावायचंही सुचलं नाही. आठवतंय का, आपण या खोलीत नवे आलो तेव्हा खालचा छापखाना जोरात होता? मशीन सुरू झालं की फळीवरचे कप सरकत सरकत कडेला यायचे. पहिल्या आठवड्यात दोन फुटले. आई म्हणाल्या, सून पायगुणाची आहे, भांडी आपणहून पळतात. तुम्ही काही न बोलता बाजारातून लाकडाची पट्टी आणलीत आणि फळीच्या कडेला ठोकलीत. ती पट्टी अजून आहे.

आणि त्याआधीचं. आमचं चष्म्याचं दुकान तेव्हा त्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. मी काचा घासण्यापासून नंबर काढण्यापर्यंत सगळं करायची. एका सकाळी लिफ्ट मधेच अडकली आणि आत मी एकटी. जीव घाबराघुबरा. वरून आवाज आला, "आत कोण आहे?" मी ओरडले, "जिला उशीर झालाय ती!" तुम्ही हसलात. मला इतका राग आला की घाबरायचं विसरूनच गेले. मग तुम्ही वर काम करता करता मला काय काय विचारत राहिलात. नाश्ता केला का, दुकानात कोण कोण असतं, मालक रागावतील का. दार उघडलं तेव्हा मला बाहेर यायची घाई उरली नव्हती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आणि मग साहेब दर आठवड्याला दुकानात हजर! काय, तर डोळे तपासायचेत. नजर घारीसारखी, नंबर शून्य. तरी आपलं "आज जरा धूसर वाटतंय." दुसऱ्या खेपेला तर तक्त्यावरची सगळी अक्षरं घडाघडा म्हणून दाखवलीत, मी दिवा लावायच्या आधीच. मी म्हटलं, "पाठ केलेलं नको. दिसतं तेवढंच सांगा." गिऱ्हाइकांना मी हे रोज सांगते, माणसं उगाच शहाणपणा करतात म्हणून. तुम्ही काय म्हणालात? "तक्त्याच्या बाजूला उभी आहे ती नीट दिसते." मालक पडद्यामागे खोकले. माझे कान तापले.

असो. फोटो डब्यात परत ठेवले. एक बाहेर राहिलाय, छत्रीवाला. राहू दे.

मुलाखतीची तारीख मार्चमध्ये आलीय. तुमची तिथे, माझी इथल्या त्यांच्या कचेरीत. वकीलबाई म्हणाली, आधी काही ठरवू नका, जे खरं ते सांगा.

बायको


२७ मार्च

अहो,

झाली एकदाची मुलाखत! परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटतंय. पेढे वाटायचेच बाकी आहेत.

लेक सोबत आली होती, पण तिला बाहेर बसवलं. आत एक लहानशी खोली, काचेपलीकडे एक तरुण अधिकारी, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. शेजारी दुभाषी. मी पर्स घट्ट धरून बसले. पण पहिला प्रश्न आला, "तुमचे पती चहा कसा घेतात?" आणि मी जी सुटले!

म्हटलं, तीन चमचे साखर, आणि वर आईंच्या कपातला उरलेला घोट. झोपतात भिंतीकडच्या बाजूला, कारण पहाटे कामाचा फोन आला तर मला ओलांडून जाताना मला जाग यावी अशी मीच सक्ती केली होती. दाढी करताना शीळ घालतात, ती कायम बेसूर. चष्मा? मी हसलेच. म्हटलं, बायको चष्म्याच्या दुकानात आणि नवऱ्याला नंबर शून्य, आमच्या धंद्याला काडीचा उपयोग नाही त्यांचा. कुत्र्याला घाबरतात. रागावले की गप्प बसतात आणि हत्यारांची पिशवी उगाच आवरत बसतात. सगळं सगळं सांगितलं. दुभाषी मागे पडायला लागला, म्हणाला, "बाई, जरा दमानं."

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, तुझे गाल लाल झालेत." मी म्हटलं, आत पंखा नव्हता.

खरं सांगू? मला वाटलं होतं, दोन वर्षांच्या अबोल्यात मी हे सगळं विसरले असेन. पण एकेक गोष्ट फडताळातून काढून ठेवावी तशी बाहेर आली. परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात तुमची ती बेसूर शीळ घालून बघितली. तुम्ही तिथे काय काय बोललात कोण जाणे. माझ्याबद्दल बरं बोलला असाल अशी आशा करते.

भांडण रद्द झालेलं नाही. थोडं पुढे ढकललंय.

तुमची बायको


११ मे

अहो,

वाटोळं झालं.

काल वकीलबाईने बोलावलं. तिचा चेहरा बघूनच मी खुर्चीत बसले. म्हणाली, "त्यांना शंका आलीय. दोघांची उत्तरं जुळत नाहीत. लग्न फक्त कागदावरचं असावं असं त्यांचं मत होत चाललंय. एक संधी मिळेल, पुन्हा बोलावतील. त्यात समाधान झालं नाही तर नकार."

मी म्हटलं, "जुळत नाहीत म्हणजे? मी एक अक्षर खोटं बोलले नाही."

"तेही बोलले नाहीत," ती म्हणाली, आणि एकेक वाचायला लागली.

चहा. मी तीन चमचे म्हटलं. तुम्ही म्हणालात, बिनसाखरेचा, साखरेचा आजार आहे. कधीपासून? चार-पाच वर्षांपासून! मी लेकीकडे वळले. ती खाली बघायला लागली. "बाबा म्हणाले, आईला सांगू नको, उगाच काळजी करेल."

झोपायची जागा. मी भिंतीकडची म्हटलं. तुम्ही म्हणालात, तिघांच्या खोलीत वरची खाट, माथ्याला छत लागतं. या वयात शिडी चढून झोपता तुम्ही?

चष्मा. आहे! जवळचाही आणि लांबचाही. लिफ्टच्या शाफ्टमधल्या अंधारात वायरी दिसेनात म्हणून घेतलात म्हणे. अर्जावरच्या फोटोत कसा नव्हता, तर त्या फोटोसाठी चष्मा काढायला लावतात. अहो, मी आख्ख्या गावाचे नंबर काढते आणि माझ्या नवऱ्याला नंबर लागला हे मला एका परक्या अधिकाऱ्याने सांगायचं! मला फार अपमानास्पद वाटलं.

मग तुमची उत्तरं माझ्याबद्दल. "माझ्या बायकोचे केस लांब, कमरेखाली शेपटा." वकीलबाईने माझ्याकडे बघितलं. आईंच्या आजारपणात विंचरायला वेळ मिळेना म्हणून मी ते मानेपर्यंत कापून टाकले, ते तुम्हाला ठाऊक नाही. फोटोत मागे बांधल्यासारखे दिसतात. लेकीला मीच बजावलं होतं, बाबांना बोलू नकोस, म्हणून. "ती तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात जाते, लिफ्टला घाबरते, जिन्याने चढते." दुकान कधीच रस्त्यावरच्या गाळ्यात आलंय. "तिला स्कूटर येत नाही." मी रोज स्कूटरवर जाते, रिव्हर्स सोडून सगळं येतं. "छापखान्याचं मशीन लागलं की घरातले कप हलतात." छापखाना बंद पडला हो. खाली आता मोबाइलच्या खोक्यांचं गोदाम आहे. काही हलत नाही.

मला हसू यायला लागलं. रडूही. लेक म्हणाली, "तुम्ही दोघं वेडे आहात. एकाने तरी आजचं सांगायचं ना!" वकीलबाईपण हसत होती. मग तिने हसू आवरलं आणि म्हणाली, "एक उत्तर मात्र गंभीर आहे. त्यावरच त्यांचा जास्त संशय आहे."

तुम्हाला विचारलं होतं, घराचं वर्णन करा. तुम्ही सांगितलंत, "आत शिरलं की डाव्या हाताला स्टूल. त्यावर माझी आई बसते."

बसते.

अधिकाऱ्याने विचारलं, घरात कोण कोण राहतं? तुम्ही म्हणालात, "आई आणि माझी बायको."

फाइलीत आईंच्या मृत्यूचा दाखला आहे, तुम्हीच लावलाय. आणि तुम्ही त्यांना स्टुलावर बसवून मोकळे झालात. त्या लोकांना वाटलं, या माणसाला स्वतःच्या घरात कोण आहे तेही माहीत नाही.

मी उठून खिडकीपाशी गेले. दोन वर्षं मी तुमच्यावर धुसफुसतेय की आई गेल्या आणि तुम्ही आला नाहीत. तुमच्या डोक्यात त्या गेल्याच नाहीत, हे मला सुचलंच नाही. जाणार कशा? तुम्ही बघितलं नाहीत, कुणी तुम्हाला नीट सांगितलं नाही. मी "आई गेल्या" एवढं म्हटलं, भांडले आणि फोन आपटला. मग तुमच्यासाठी त्या जिथे होत्या तिथेच राहिल्या.

मला खूप वाईट वाटतंय. एवढंच लिहिते. उद्या फोन करीन. मी करीन, तुम्ही करू नका.

तुमची


२ जून

अहो,

फोनवर सगळं बोलून झालं असं वाटलं होतं, पण ठेवल्यावर कितीतरी राहून गेलं.

आधी हे. मी "हॅलो" म्हटल्यावर तुम्ही "काय झालं?" असं जे दचकून विचारलंत ना, ते अजून कानात आहे. माझा त्याआधीचा फोन आईंच्या वेळचा होता, नाही का? किती दिवस माझा फोन म्हणजे वाईट बातमी असं समजून बसला असाल.

त्या दिवसाचं तुम्हाला सांगितलं ते बरं झालं. सकाळी अर्धा कप चहा घेऊन "साखर मोजून घालतेस" म्हणून माझ्यावर खेकसल्या, दुपारी लेकीला हाताने केस विंचरायला लावले, आणि ऊन उतरताना स्टुलावरून उठून स्वतःच्या पायांनी पलंगावर गेल्या. त्यांना त्रास झाला नाही. तुम्ही एकदाही मधे "बरं, बरं" म्हणाला नाहीत. मला आधी वाटलं लाइन गेली. मग कळलं, रडताय. तुम्हाला रडायचं राहिलं होतं, ते होऊ दिलं.

एवढं बोललो आणि बघा, साखर, चष्मा, केस, यातलं एक अक्षर विचारायचं मला सुचलं नाही! लेक तर कपाळ बडवत होती. "आई, महत्त्वाचं तेच राहिलं!" मग तिनेच तुम्हाला विचारून, मला विचारून, दोन पानं भरून उत्तरं लिहिली आणि माझ्या हातात कोंबली. "पाठ कर. परवा मुलाखत आहे." मी पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. वाचली नाहीत. माझ्याच्याने होईना. बाई गं, नवरा काय पाठ करायची गोष्ट आहे?

आज मुलाखत झाली. तीच खोली, पण या वेळी काचेपलीकडे एक वयस्क बाई. तिने फाइल चाळली आणि म्हणाली, "तुमच्या पतींच्या सध्याच्या सवयी सांगा."

मी म्हटलं, "माहीत नाहीत."

"काहीच नाही?"

"मागच्या वेळी तुमच्या साहेबांनी आमच्या वकीलबाईंना जेवढं कळवलं तेवढं. बाकी काही नाही. मला ठाऊक आहे तो माणूस नऊ वर्षांपूर्वी रजा संपवून गेला तो. त्याच्याबद्दल विचारा, दिवसभर सांगते."

ती म्हणाली, "मग हे लग्न खरं आहे असं आम्ही कशावरून मानायचं?"

अहो, मला राग आला. घाबरायला हवं होतं, फाइल तिच्या हातात, पण तुम्हाला ठाऊक आहे, राग आला की मी घाबरायचं विसरते. मी पर्स उघडली, लेकीची पानं काढली आणि काचेखालून आत सरकवली. म्हटलं, "हे घ्या. यात सगळी बरोबर उत्तरं आहेत. माझ्या मुलीने लिहून दिली, पाठ कर म्हणाली. मी केली नाहीत. खोटं लग्न असतं तर घोकून आले असते आणि तुम्ही खूश झाला असतात. बाई, ते किती साखर घेतात, कोणत्या कुशीवर झोपतात, हे मला ठाऊक असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? तेच तर बघायला जायचंय मला. तुम्ही वर्षानुवर्षं दोघांना वेगळं ठेवायचं आणि मग विचारायचं, एकमेकांना ओळखता का? एकत्र राहू द्या, मग घ्या परीक्षा."

दुभाष्याने माझ्याकडे बघून घाम पुसला. त्याने सगळं सांगितलं की गाळून सांगितलं, देव जाणे. पण बराच वेळ बोलत होता.

बाईंनी ती पानं उघडली नाहीत, तशीच मला परत दिली. थोडं टाइप केलं. मग विचारलं, "ते स्टूल अजून दाराजवळ आहे?"

मी म्हटलं, "आहे. बसत कुणी नाही. पण हलवलंही नाही."

एवढंच. "निर्णय कळवू" म्हणाल्या.

मी सगळं घालवलं असेल. लेक रागावलीय, जेवताना भांडी आपटत होती. वकीलबाई म्हणाली, "असं कुणी बोलत नाही हो तिथे." फाइल बंद झाली तर ती माझ्या तोंडामुळे बंद झाली असं समजा. पण पाठ केलेला नवरा सांगून तुमच्याकडे यायचं मला जमलं नसतं. तुम्हाला पटतं ना?

पटत नसेल तरी लिहा. चार ओळींपेक्षा जास्त लिहा.

तुमची


३० ऑगस्ट

अहो,

लेकीने तुम्हाला आधीच कळवलं, माहीत आहे मला. तिच्या पोटात काही राहत नाही, फक्त बापाचा आजार सोडून. तरी मी माझ्या हाताने लिहिते: व्हिसा आला.

सकाळी दुकानात होते. एका आजोबांचा नंबर काढत होते, तेवढ्यात वकीलबाईचा फोन. ऐकलं आणि मी त्या आजोबांच्या समोरच्या खुर्चीत मटकन बसले. ते घाबरून म्हणतात, "काय हो, माझे डोळे इतके वाईट आहेत का?"

जीव भांड्यात पडला आणि लगेच धास्तीही वाटली. इतकी वर्षं जायचं जायचं म्हणताना घर सोडायचंय हे डोक्यातच नव्हतं. आता फळीवरची पट्टी दिसली तरी हात लावून बघते. छापखाना गेला, कप हलत नाहीत, पण ती काढावीशी वाटली नाही. काल लेकीने खोली आवरायला घेतली. मी म्हटलं, स्टुलाचं काय करायचं? ती म्हणाली, "मी नेणार. माझ्या दाराजवळ ठेवीन. कुणी जिना चढलं की मीच विचारीन, आली का म्हणून." आणि मग आम्ही दोघी जमिनीवर बसून पोटभर रडलो. तिला सोडून येणं मला सोपं नाही, हे तिथे गेल्यावर रोज ऐकावं लागेल तुम्हाला, तयारी ठेवा. तिने अर्ज भरायला घेतलाय, तिच्या कामाच्या वाटेने. मिळेल न मिळेल. मिळाला नाही तर मी जाऊन-येऊन राहीन. हे आत्ताच सांगून ठेवते.

तुमचं पत्र मिळालं. दोन पानं! मी तीनदा वाचलं. आई गेल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही तिथे काय केलंत ते वाचलं. सुट्टी न घेता दिवसभर त्या इमारतीत काम केलंत, आणि संध्याकाळी खोलीवर न जाता लिफ्टच्या यंत्रखोलीत हत्यारांची पिशवी आवरत बसलात. मला दिसलात अगदी.

शेवटी लिहिलंत की खोली बदलताय, दोघांपुरती बघितलीय, खाट जमिनीवरची आहे. आणि मी विमानतळावर तुम्हाला ओळखावं म्हणून तुमचं आत्ताचं वर्णन लिहून पाठवू का, असं विचारलंत.

नका पाठवू.

दुकानाच्या मालकांनी निरोप देताना मला तपासणीची जुनी फ्रेम आणि काचांची पेटी दिली. लेक म्हणाली, "बाबांना नंबर विचार, इथूनच चांगला चष्मा करून ने." मी म्हटलं, नको. कुणी सांगितलेला नंबर मी कशाला घेऊ? पेटी हातातल्या बॅगेत घेतलीय. पोचले की आधी चहा करीन, साखर तुमच्यासमोर विचारून घालीन. मग तुम्हाला उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बसवीन आणि मी समोर बसेन, या कापलेल्या केसांनी. एकेक काच लावीन. धूसर असेल तर धूसर म्हणा, घाई करू नका. आधी पाठ करून ठेवलेलं एकही अक्षर नको. दिसतं तेवढंच सांगा.

भांडण त्यानंतर करू.

येते.

तुमची बायको